मराठी अक्षरांचे छोटे कारखानदार: स्वतंत्र टाइप डिझायनरांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली एकोणीस वर्षे मी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करतो. प्रकाशक, दिवाळी अंकांचे संपादक, पहिलेच पुस्तक स्वखर्चाने काढणारे लेखक आणि अधूनमधून लग्नपत्रिका घेऊन येणारे यजमान यांच्याकडून फाँटविषयी तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांतले बहुतेक प्रश्न शेवटी एकाच मुद्द्याशी येऊन थांबतात: एवढे फाँट फुकट मिळत असताना कुणा एकट्यादुकट्या माणसाने काढलेल्या फाँटला किंमत का द्यायची? त्याची उत्तरे एकदाची लिहून ठेवतो आहे.

छोटा स्वतंत्र टाइप डिझायनर म्हणजे नेमके कोण?

अक्षरे रेखाटणे, त्यांचा फाँट बनवणे आणि तो स्वतःच्या नावाने विकणे किंवा वितरित करणे हाच ज्यांचा मुख्य व्यवसाय आहे, अशी एकटी व्यक्ती किंवा एका खोलीत मावेल एवढा गट. मुंबईतील ‘एक टाइप’ हा गट २०१३ मध्ये गिरीश दळवी, नूपुर दाते आणि सारंग कुलकर्णी यांनी सुरू केला. किम्या गांधी आणि रॉब केलर यांचे मोटा इटॅलिक हे दोघांचे काम आहे. कॅनडातील टायरो टाइपवर्क्स जॉन हडसन आणि रॉस मिल्स यांनी १९९४ मध्ये सुरू केले. अहमदाबादची इंडियन टाइप फाउंड्री आता छोटी म्हणण्यासारखी राहिलेली नाही, परंतु २००९ मध्ये तिची सुरुवात सत्या राजपुरोहित आणि पीटर बिलाक या दोघांनीच केली होती.

येथे एक गल्लत नेहमी होते. नाटकांच्या जाहिरातींतील कमल शेडगे यांची अक्षरे आपल्या डोळ्यांत बसलेली आहेत, पण ते अक्षरांकन होते. एका नाटकाच्या नावापुरती ती अक्षरे एकमेकांना बिलगून बसली की काम पूर्ण झाले. फाँट करणाऱ्याला ही सवलत नसते. त्याने काढलेला ‘क’ उद्या कुणाच्या शेजारी बसणार आहे, हे त्याला ठाऊक नसते आणि तरीही तो कुणाच्याही शेजारी नीट बसला पाहिजे.

संगणकात आणि मोबाइलमध्ये मराठी फाँट आधीच असतात. मग आणखी कशाला हवेत?

असतात, आणि ते नसते तर आज मराठीत संदेशही पाठवता आला नसता. विंडोजमधील मंगल हा फाँट र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्या हातचा. ते कवीही होते आणि आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी अक्षरकलेचे अनेक विद्यार्थी घडवले. परंतु मंगल बनला तो त्या काळच्या पडद्यासाठी, जिथे एका अक्षराच्या वाट्याला मोजकेच ठिपके येत. तोच फाँट तीनशे पानांच्या कादंबरीला वापरणे म्हणजे पावसाळी चप्पल घालून लग्नाला जाणे होय. त्यात दोष चपलेचा नाही.

पुस्तकाच्या पानाला एक वळण लागते, औषधाच्या खोक्यावरील बारीक सूचनेला दुसरे, बालगीतांच्या पुस्तकाला तिसरे. इंग्रजीत अशा प्रत्येक गरजेसाठी शेकडो पर्याय आहेत. मराठीत दीर्घ वाचनासाठी खरोखर चांगले, तिरप्या आणि ठळक रूपांसह पूर्ण असलेले फाँट मोजायला बसलो तर मला दोन्ही हातांची बोटे लागत नाहीत. (हे माझे मत आहे, माझ्या व्यवसायातील काही मित्र एक हात पुरे म्हणतात.)

देवनागरी लिपी हिंदी, मराठी, संस्कृत यांची एकच आहे. मराठीसाठी वेगळा विचार का करावा लागतो?

कारण लिपी एक असली तरी हाताचे वळण एक नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे प्रमाण मानली. हिंदीत दंडयुक्त ‘ल’ आणि गाठयुक्त ‘श’ चालतात. आपल्या शाळांमध्ये मुले पाकळीचा ‘ल’ गिरवतात आणि घरी येऊन मोबाइलवर दंडाचा वाचतात. वाचता येत नाही असे नाही, पण पान परके वाटते. ‘हे पुस्तक अनुवादित आहे का?’ असा प्रश्न मला एका वाचनप्रेमी आजींनी निव्वळ ‘ल’ आणि ‘श’ पाहून विचारलेला आहे.

त्याहून गंभीर बाब अर्ध्या ‘र’ची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा दिली’ या दोन वाक्यांत पैसे वेगवेगळ्या माणसांच्या हातात जातात. हा आडवा ‘ऱ’ वाऱ्यात, कऱ्हाडात, बिऱ्हाडात आणि तऱ्हेत आहे. मराठीचे त्याच्यावाचून चालत नाही आणि हिंदीला त्याची गरज पडत नाही. म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फाँटमध्ये तो कधी विसरला जातो, कधी असतो पण इतका आखूड की छपाईत दिसेनासा होतो. ‘ॲ’ची कथाही अशीच आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरांच्या सामाईक यादीत, स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, आणि आजही काही फाँटमध्ये ‘ॲसिड’ लिहिले की पहिल्या अक्षराच्या जागी कोरी चौकट उमटते.

चांगला डिझायनर यावर दोन प्रकारे उपाय करतो. एकतर तो एकाच फाँटमध्ये दोन्ही रूपे ठेवतो आणि मजकुराची भाषा मराठी असल्याची खूण सापडली की फाँट आपोआप मराठी रूपे दाखवतो. दुसरा मार्ग टायरो टाइपवर्क्सने घेतला. जॉन हडसन आणि फिओना रॉस यांनी मुळात ‘मूर्ती क्लासिकल लायब्ररी’ या अभिजात भारतीय ग्रंथांच्या मालेसाठी केलेल्या देवनागरीच्या आधारे त्यांनी हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फाँट मोफत उपलब्ध करून दिले. कॅनडातल्या दोन-चार माणसांच्या गटाने मराठीसाठी वेगळा फाँट करावा, ही गोष्ट मला अजूनही थोडी लाजवते.

एक फाँट करायला एवढा वेळ का लागतो? अक्षरे तर पन्नासच्या आसपास आहेत.

मुळाक्षरे तेवढीच आहेत, पण देवनागरी फाँटमध्ये जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, मात्रांची निरनिराळी रूपे धरून सर्वसाधारणपणे सातशे ते हजार आकृत्या रेखाटाव्या लागतात. त्याही एका जाडीच्या. ‘एक टाइप’च्या ‘मुक्त’ या फाँटला सात जाड्या आहेत. सर्व जाड्या हाताने काढल्या जात नाहीत, मधल्या जाड्या संगणक अंदाजाने काढून देतो हे खरे. परंतु संगणकाने काढलेला जाड ‘क्ष’ पाहिला की कुणीतरी तो पुन्हा हाताने सारखा का करतो ते लगेच कळते.

‘मूर्तींना’ हा साधा शब्द घ्या. ‘त’च्या डोक्यावर दीर्घ वेलांटी आहे, रफार आहे आणि अनुस्वारही आहे. हे तिन्ही एकमेकांत न घुसता, वरच्या ओळीच्या उकाराला न धडकता, शिवाय बारा पॉइंटात वाचता येतील असे बसवायचे. आता ‘स्त्रियांनी’ घ्या. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे उभी राहते, पण तिची कमान ‘स्त्र’ या रुंद जोडाक्षरावर पूर्ण पोहोचली पाहिजे. ‘दिवस’मधली वेलांटी तिथे वापरली तर कमान अर्ध्यावर तुटल्यासारखी दिसते. म्हणून काळजीपूर्वक केलेल्या फाँटमध्ये एकाच ऱ्हस्व वेलांटीची वेगवेगळ्या रुंदीची अनेक रूपे असतात आणि कोणत्या अक्षरापुढे कोणते रूप यावे याचे नियम लिहिलेले असतात. हे नियम वापरणाऱ्याला कधीच दिसत नाहीत. ते चुकले तरच दिसतात.

‘वाङ्मय’ हा शब्द मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. तो छापील मराठीत ‘वाड्मय’ असा इतक्या वेळा दिसतो की नवे लिहिणारे तोच बरोबर समजू लागले आहेत. दोष केवळ लिहिणाऱ्यांचा नाही. अनेक फाँटमध्ये ‘ङ’ आणि ‘म’ यांचे जोडाक्षर काढलेलेच नसते, किंवा ‘ङ’च्या बाजूचा टिंब ‘म’च्या दांडीत बुडतो, मग अक्षरजुळणी करणारा ‘ड’ टाकून मोकळा होतो. ज्याने हे जोडाक्षर वेळ काढून रेखाटले, त्याने शुद्धलेखनाला कितीतरी मुद्रितशोधकांपेक्षा जास्त मदत केली असे मी म्हणेन.

गूगलवर उत्तम मराठी फाँट फुकट मिळतात. मग विकत का घ्यावा?

फुकट फाँट जरूर वापरावेत, मीही वापरतो. परंतु ते कुठून आले हे माहीत असावे. ‘मुक्त’, ‘बलू’, ‘मोदक’ आणि ‘अनेक’ हे ‘एक टाइप’चे. ‘हिंद’ आणि ‘पॉपिन्स’ इंडियन टाइप फाउंड्रीचे. पॉपिन्सची देवनागरी निनाद काळे यांनी काढली. ‘यात्रा वन’ हा कॅथरीन ली श्मिट यांनी मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केला. म्हणजे आपण ज्याला ‘गूगलचा फाँट’ म्हणतो तो बहुधा अशाच एखाद्या छोट्या गटाने केलेला असतो. त्यांतल्या अनेकांचा खर्च गूगलने उचलला, म्हणून आपल्याला तो पडला नाही, इतकेच.

या व्यवस्थेचा फायदा प्रचंड झाला आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण खर्च उचलणारा एकच असला की काय बनावे हेही बऱ्याच अंशी त्याच्या गरजेवर ठरते. मोबाइलच्या पडद्यावर, जाहिरातीत, संकेतस्थळावर चालणारे फाँट भरपूर आले. कवितासंग्रहासाठी, ज्ञानेश्वरीच्या सटीप आवृत्तीसाठी, शब्दकोशाच्या बारीक टाइपासाठी कोण काढणार? त्याचा खर्च ते पुस्तक काढणाऱ्यांनीच उचलायला हवा, आणि छोट्या डिझायनराकडून परवाना घेणे हा त्यातला सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

मोठ्या कंपन्यांविषयी तुमचा आकस आहे का?

नाही. ॲपलच्या उपकरणांवर दिसणारा ‘कोहिनूर देवनागरी’ अहमदाबादेत बनला आणि एका मोठ्या कंपनीने घेतला म्हणून सर्वांपर्यंत पोहोचला. चिंता आहे ती एकाच हातात सगळे जमा होण्याची. मोनोटाइप या कंपनीने २००६ मध्ये लायनोटाइप, २०१४ मध्ये फाँटशॉप, २०२१ मध्ये हॉफ्लर अँड कंपनी आणि २०२३ मध्ये जपानची फाँटवर्क्स घेतली. एवढ्या मोठ्या दुकानात मराठीच्या आडव्या ‘ऱ’विषयीची तक्रार कुठल्या खणात जाऊन पडेल, याचा विचार करावा.

पूर्वी ही अक्षरे कोण घडवत असे?

तेव्हाही थोडीच माणसे होती. जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) यांनी लहान वयात मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप, म्हणजे छपाईसाठी धातूत ओतलेली सुटी अक्षरे, घासण्याच्या कामापासून सुरुवात केली. पुढे राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कुशल कारागिराच्या साथीने त्यांनी स्वतःचा टाइप घडवला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा राहिला. निर्णयसागरचा टाइप संस्कृत ग्रंथांमुळे सर्वदूर पोहोचला आणि आज ज्याला आपण मुंबई वळण म्हणतो, ते रुजण्यात त्याचा मोठा वाटा आहे. जावजींचे नाव निदान अभ्यासकांना ठाऊक असते. टाइप ओतण्याचा साचा ज्याने ठोकतात त्या पोलादी पंचावर ते वळण कोरणाऱ्या आरूंचे नाव मी अक्षरजुळणीच्या कामात पहिली सात-आठ वर्षे ऐकलेही नव्हते.

जुन्या वळणांकडे पुन्हा वळण्याचे कामही आज छोटे गटच करत आहेत. ‘एक टाइप’चा ‘जैनी’ हा फाँट कल्पसूत्र या जैन ग्रंथाच्या १५०३ सालच्या हस्तलिखितावरून केलेला आहे. असा फाँट किती खपेल याचा हिशेब मांडून कुणी बसले असते तर तो झाला नसता.

फाँटची नक्कल करणे बेकायदा आहे का?

उत्तर थोडे विचित्र आहे. अमेरिकेत अक्षरांच्या आकाराला कॉपीराइट मिळत नाही, फाँटच्या संगणकीय आज्ञावलीला मिळतो. भारतातही कॉपीराइट बोर्डाने २००२ मध्ये टाइपफेस हा कलाकृतीच्या व्याख्येत बसत नाही अशी भूमिका घेतली, पण संगणकीय आज्ञावली १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली संरक्षित आहे. म्हणजे फाँटची फाइल उचलणे, नाव बदलून वाटणे हा गुन्हा ठरू शकतो. आकार पाहून पुन्हा रेखाटणाऱ्याला अडवणे मात्र अवघड जाते. मोठी कंपनी वकील लावू शकते. एकट्या माणसाजवळ फार तर नावाच्या व्यापारचिन्हाची नोंदणी आणि ओळखीतल्या लोकांची सचोटी असते.

परवाना घेताना काय पाहावे?

फाँट विकत घेतला म्हणजे तो आपल्या मालकीचा झाला असे नसते. वापरण्याची परवानगी मिळते. किती संगणकांवर, छापील कामासाठी की संकेतस्थळासाठी, ॲपमध्ये घालता येईल का, ई-पुस्तकात अंतर्भूत करता येईल का, हे वाचून घ्यावे. अक्षरजुळणी बाहेरून करून घेत असाल तर परवाना प्रकाशकाच्या नावाने आहे की जुळणी करणाऱ्याच्या, हे आधीच ठरवावे. यावरून होणारे वाद मी जवळून पाहिले आहेत.

मोफत मराठी फाँटांपैकी बहुतेक एसआयएल या संस्थेच्या मुक्त फाँट परवान्याखाली येतात. त्यात वापर, बदल आणि वाटप यांची मुभा असते. फक्त नुसता फाँट विकता येत नाही, आणि निर्मात्याने नाव राखून ठेवले असेल तर बदललेल्या फाँटला तेच नाव देता येत नाही. छोट्या डिझायनरांचा परवाना अनेकदा एका पानाचा असतो आणि शंका असली तर लिहिणाऱ्यालाच विचारता येते.

उद्या डिझायनरने काम बंद केले तर आमच्या पुस्तकांचे काय?

रास्त भीती आहे. युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले असत. फाँट हरवला की फाइल उघडल्यावर नुसता रोमन अक्षरांचा कचरा दिसे. माझ्याकडे अशा दोन कादंबऱ्या पडून आहेत आणि त्या पुन्हा टंकलिखित कराव्या लागणार आहेत. युनिकोडमध्ये हा धोका नाही. फाँट गेला तरी मजकूर मजकूरच राहतो, फक्त दुसऱ्या वळणात दिसतो. तरीही फाँटची फाइल, परवान्याची प्रत आणि पैसे भरल्याची पावती पुस्तकाच्या अंतिम फाइलींसोबत एकाच जागी ठेवावी.

कृत्रिम बुद्धिमत्ता आता फाँट काढून देईल ना?

कदाचित देईल. ‘मूर्तींना’ टाइप करून पाहा आणि मला कळवा.

फाँट घेण्यापूर्वी तो कसा तपासावा?

फाँटच्या जाहिरातीतले सुंदर सुभाषित पाहून निर्णय घेऊ नये. ती अक्षरे निवडून घेतलेली असतात. बहुतेक छोटे डिझायनर मागितल्यास चाचणीसाठी प्रत देतात. माझ्या टेबलाच्या काचेखाली शब्दांची एक चिठ्ठी आहे, ती अशी: वाङ्मय, दऱ्याखोऱ्या, कऱ्हाड, मूर्तींना, विद्यार्थिनींच्या, स्त्रियांनी, उद्ध्वस्त, हृदय, शृंगार, ज्येष्ठ, ट्रॅक्टर, ॲसिड, लक्ष्म्या, रूढी, कळकळ. हे शब्द दहा, बारा आणि चौदा पॉइंटात, लेझर प्रिंटरवर, पुस्तकाला जो कागद वापरणार त्यावर छापून पाहावेत. ‘कळकळ’मधील ‘ळ’चा पोटातला गोल शाईने भरून गेला, तर तो फाँट पिवळसर बुक-पेपरवर आणखी भरणार. शेवटी एक पूर्ण पान छापावे आणि ते डोळे किलकिले करून पाहावे. एखादे अक्षर काळ्या ठिपक्यासारखे उठून दिसले तर त्याची जाडी चुकलेली आहे.

फाँटमध्ये चूक सापडली तर काय करावे?

सांगावे. सह्याद्रीतील भटकंतीच्या एका पुस्तकाचे दुसरे मुद्रित तपासताना ‘दऱ्याखोऱ्या’ या शब्दातला आडवा ‘ऱ’ शिरोरेषेपासून केसभर सुटलेला आढळला. त्या पुस्तकात तो शब्द जवळपास प्रत्येक पानावर होता. फाँट एका मोठ्या कंपनीचा होता. तिच्याकडे तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला आणि पुढे काही आले नाही. पुस्तक अडकले होते, म्हणून एका तरुण डिझायनराचा फाँट घेतला. त्यात ‘ऱ’ बरोबर होता, पण ‘उद्ध्वस्त’ हलन्त चिन्हासह फुटून येत होता. शब्दाचे छायाचित्र, वापरलेल्या प्रणालीचे नाव आणि आवृत्ती, आणि तो शब्द मजकुराच्या रूपात, एवढे त्याला संध्याकाळी पाठवले. चौथ्या दिवशी सुधारलेली फाइल आली. सोबत एका ओळीची विचारणा होती: त्या पुस्तकात आणखी कोणती जोडाक्षरे आहेत, यादी पाठवता येईल का?

यादी पाठवली. एकशे बारा निघाली.